चूक आलेख कागदावर असतानाच खोडा : संकेतस्थळाच्या टप्प्यांविषयी वाचकांचे प्रश्न

संकेतस्थळ करून घेणाऱ्यांची आणि करून देणाऱ्यांची पत्रे या सदराकडे बरेच दिवस साचत होती. त्यांतली पाच या वेळी घेतली आहेत. पाचही सोलापुरातली आहेत. वरवर ती वेगवेगळी दिसतात, पण मुळाशी अडचण एकच आहे: काम कोणत्या पायरीवर आहे आणि त्या पायरीवर कोणी काय करायचे असते, याची कल्पना दोन्ही बाजूंना सारखी नसते.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावर आमचा चादरी आणि टॉवेलचा कारखाना आहे. महिनाभरापूर्वी आम्ही संकेतस्थळाचे काम एका तरुणाला दिले आणि ठरलेल्या रकमेपैकी निम्मी रक्कमही दिली. अजून पडद्यावर काहीही दिसत नाही. तो सारखे प्रश्न विचारतो, याद्या मागतो आणि परवा तर कागदावर नुसत्या काळ्या चौकटी काढून घेऊन आला. आमचे एक स्नेही म्हणतात की हल्ली आठ दिवसांत साइट मिळते. आमची फसवणूक तर होत नाही ना? हे काम नेमके कोणकोणत्या टप्प्यांतून जाते? — एक कारखानदार

उत्तर : आपल्या पत्रातून तरी फसवणुकीचे काही दिसत नाही. प्रश्न विचारणारा आणि कागदावर चौकटी काढून आणणारा माणूस मिळाला आहे, हे मी आपले भाग्य समजतो.

आपल्याच कारखान्यात नवी नक्षी मागावर कशी चढते ते डोळ्यांसमोर आणा. आधी नक्षी काढली जाते, मग ती चौकटींच्या आलेख कागदावर उतरते. तिथली एकेक चौकट म्हणजे ताण्याचा धागा उचलायचा की खाली ठेवायचा याचा निर्णय असतो. आलेखावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात, बाण्याच्या एकेका ओळीला एक पट्टी, आणि त्या पट्ट्यांची माळ जकार्डवर, म्हणजे मागाच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, चढली की मग धोटा धावू लागतो. मोराची मान जरा आखूड झाली आहे हे आलेखावरच दिसले, तर खोडरबराने भागते. पट्ट्या पाडल्यावर दिसले, तर तेवढ्या पट्ट्या नव्याने पाडाव्या लागतात. चादर विणून झाल्यावर दिसले, तर तो सगळा माल सेकंडच्या भावाने काढावा लागतो. आता पुष्कळ ठिकाणी पट्ट्यांची जागा संगणकावर चालणाऱ्या जकार्डने घेतली आहे, तरी कामाचा क्रम बदललेला नाही.

हा दाखला ओढूनताणून आणलेला नाही. फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले, आणि पुढे तीसेक वर्षांनी चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित गणनयंत्राला सूचना देण्यासाठी याच भोकांच्या पट्ट्यांची कल्पना उचलली. यंत्राला हुकूम लिहून देण्याची रीत संगणकाच्या आधी मागावर रुळली होती, ही गोष्ट सोलापूरकरांनी अभिमानाने सांगावी असे मला मनापासून वाटते.

आता आपल्या कामाकडे येऊ. पहिली पायरी विचारपुसीची. संकेतस्थळावर कोण येणार आहे? शंभर नग एकदम मागवणारा परगावचा घाऊक व्यापारी, हॉटेलसाठी टॉवेल घेणारा खरेदी अधिकारी, की घरच्या लग्नासाठी चार चादरी शोधणारे कुटुंब? घाऊक व्यापाऱ्याला वजन, माप, रंगांची उपलब्धता आणि माल किती दिवसांत निघेल हे हवे असते. घरच्या गिऱ्हाइकाला फोटो, किंमत आणि परत करण्याची सोय हवी असते. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन आहे. आपण त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेले असाल, तर ते कुठे आणि कसे दाखवायचे हेही याच वेळी ठरते. या चर्चेतून जे निघते ते दोन-तीन पानांवर लिहून दोघांनी सही करायची असते. त्या पानांवर काय करायचे आहे याच्या बरोबरीने काय करायचे नाही हेही असावे, कारण पुढची बहुतेक भांडणे न लिहिलेल्या गोष्टींवरून होतात.

माझाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका घाऊक व्यापाऱ्याचे काम जवळजवळ पूर्ण झाले होते, आणि अखेरच्या बैठकीत ते सहज म्हणाले, ‘आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाला भाव वेगळा असतो, तेवढे त्यात टाका.’ ऐकायला ते एकच वाक्य होते. त्यासाठी लॉगिनची व्यवस्था, ग्राहकांचे गट, डेटाबेसची रचना, भाव भरण्याचा पडदा आणि बिलाचा हिशेब असे सगळे पुन्हा उघडावे लागले, आणि काम पाच आठवडे लांबले. भाव सर्वांना सारखा असतो का, हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. आपला तरुण असे प्रश्न विचारत असेल, तर त्याला अडवू नका.

त्याने आणलेल्या काळ्या चौकटींना वायरफ्रेम म्हणतात. आपल्या भाषेत तो आलेख कागद. त्यात रंग मुद्दामच नसतात, कारण रंग दिसले की माणूस रंगांवर बोलू लागतो आणि कोणती गोष्ट कुठे सापडेल हा मूळ प्रश्न मागे पडतो. तो कागद आपल्या ऑफिसात फोनवर ऑर्डर घेणाऱ्या माणसासमोर ठेवा आणि विचारा, ‘मोठ्या टॉवेलचे माप इथे कुठे मिळेल?’ त्याचे बोट ज्या चौकटीवर अडखळेल ती चौकट तिथल्या तिथे बदलून घ्या. मोबाइलच्या आकाराची चौकट आधी बघा, मोठ्या पडद्याची नंतर.

चौकटी मान्य झाल्या की त्यांना रंग, अक्षरे आणि चित्रांचा पेहराव चढतो, तो डिझाइनचा टप्पा. मग कोड लिहिला जातो: एक बाजू पाहणाऱ्याला दिसणारी, दुसरी बाजू मालाच्या नोंदी आणि ऑर्डरी सांभाळणारी. हे काम त्याचे आहे, त्याला ते शांतपणे करू द्या. याच काळात आपल्याला जे करायचे असते ते म्हणजे मजकूर आणि फोटो, आणि माझ्या पाहण्यातली निम्म्याहून अधिक कामे याच ठिकाणी रखडतात. चाळीस प्रकारच्या मालाचे नाव, माप, वजन, सूत, रंग आणि निगा या सगळ्याची यादी आपल्याखेरीज दुसरा कोणी करू शकत नाही. फोटोही ट्यूबलाइटखाली काढू नका. तिथे मरून रंग तपकिरी दिसतो, आणि घरी आलेली चादर ‘हा रंग नव्हता’ म्हणून परत येते. सकाळी गच्चीच्या दाराशी, ऊन थेट पडत नाही अशा जागी, माल पसरून शेजारी एक पांढरा कागद ठेवा. फोटोत तो कागद पांढराच दिसला तर चादरीचाही रंग खरा आला असे समजावे. टॉवेलसाठी उजेड बाजूने येऊ द्या, म्हणजे त्याचे फासे उठून दिसतात.

त्यानंतर चाचणी, मग प्रकाशन आणि मग सांभाळ. आपल्याएवढ्या कामाला अडीच-तीन महिने लागणे मला वाजवी वाटते, आणि त्यातला तिसरा हिस्सा कोड सुरू होण्याआधी गेला तर तो सत्कारणी लागला असे मी म्हणेन. आठ दिवसांची साइट खोटी नसते. तयार साच्यात नाव, पत्ता, फोन आणि दहा फोटो भरून ती उभी राहते, आणि ज्याला तेवढेच हवे आहे त्याने तीच घ्यावी. ऑर्डरी घेणारी साइट मात्र तशी होत नाही. राहता राहिले पैसे. निम्मी रक्कम सुरुवातीलाच देणे मला फारसे रुचत नाही. उरलेली निम्मी तरी डिझाइन मान्य होणे, चाचणी पूर्ण होणे आणि सगळे आपल्या ताब्यात येणे, अशा तीन टप्प्यांना बांधून घ्या.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यासात ‘वॉटरफॉल’ पद्धत (एक टप्पा पुरा करूनच पुढच्यावर जाणे) जुनी आणि ‘ॲजाइल’ पद्धत (थोडे थोडे करून, दाखवून सुधारत जाणे) नवी असे शिकवतात. मला पहिले बाहेरचे काम मिळाले आहे, एका दवाखान्याची साइट. मी कोणती पद्धत वापरावी? — एक विद्यार्थी

उत्तर : एक गोष्ट आधी सांगतो, कारण ती बहुतेक पुस्तकांत अर्धवट येते. वॉटरफॉलचे मूळ म्हणून ज्या लेखाकडे बोट दाखवतात तो विन्स्टन रॉइस यांचा १९७० चा लेख आहे. त्यात पायऱ्यांची ती प्रसिद्ध आकृती आहे, पण ‘वॉटरफॉल’ हा शब्द नाही. शिवाय असे एका दिशेने सरळ उतरत जाणे धोक्याचे आहे, अपयशाला आमंत्रण देणारे आहे, असे रॉइस यांनी तिथेच म्हटले आहे आणि काम जणू दोनदा करावे, म्हणजे आधी छोटी प्रतिकृती करून शिकावे आणि मग खरे बांधावे, असे सुचवले आहे. पुढे २००१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी एकत्र येऊन ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला, त्यातही नियोजनाला मोडीत काढलेले नाही. आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणे अधिक मोलाचे, एवढेच म्हटले आहे.

तेव्हा पद्धतीच्या नावात अडकू नका. दवाखान्याच्या साइटचा हेतू, पानांची यादी आणि चौकटी सुरुवातीलाच पक्क्या करा. त्यानंतर दर आठवड्याला चालू स्थितीतले एक पान डॉक्टरांना त्यांच्याच मोबाइलवर दाखवा. केवळ तोंडी अहवाल देऊ नका, पान त्यांच्या हातात द्या. बदल सांगितला गेला तर नाही म्हणू नका; तो तारखेसह लिहून घ्या आणि त्यामुळे किती दिवस आणि किती रुपये वाढतील ते त्याच दिवशी सांगा. कोड पहिल्या दिवसापासून गिटमध्ये (कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारे साधन) ठेवा, काम एकट्याचे असले तरी. आणि रुग्णांची माहिती घेणारा अर्ज टाकायचा असेल, तर कोणती माहिती खरोखर लागते ते आधी विचारा, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख गरजेपुरतीच माहिती घेण्यावर आहे. अपॉइंटमेंटसाठी नाव आणि फोन पुरत असताना आजाराचा इतिहास मागण्याचे कारण नाही.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या जुन्या स्मरणिकांमधला आणि पुस्तकांच्या यादीतला मजकूर नव्या साइटवर घ्यायचा आहे. तो संगणकावर टाइप केलेला आहेच, मग काम करणाऱ्याने त्यासाठी वेगळे पैसे आणि सहा आठवडे का मागावेत? — वाचनालयाचे एक चिटणीस

उत्तर : तो मजकूर बहुधा जुन्या छपाईच्या फॉन्टमध्ये टाइप झालेला असणार. त्या फॉन्टमध्ये आपल्याला ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादे रोमन अक्षर असते. फॉन्ट काढला की नुसता गोंधळ उरतो. संकेतस्थळावर मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतच, हवा, तरच तो शोधता येतो, कोणत्याही फोनवर वाचता येतो आणि अंध वाचकांना यंत्राकडून ऐकता येतो. जुन्यातून युनिकोडमध्ये नेणारी साधने आहेत आणि त्यांनी मोठा भार हलका होतो, पण ऱ्हस्व इकार भलत्याच अक्षराला चिकटणे, रफार घसरणे, ‘दुसऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ यांतला ‘ऱ्य’ मोडणे, या चुका ती हमखास सोडतात. त्या डोळ्यांनीच शोधाव्या लागतात. वाचनालयाकडे मुद्रिते तपासणारी जाणती माणसे असतात. ते काम आपल्या सभासदांनी वाटून घेतले तर सहा आठवड्यांचे तीन होतील आणि चुकाही कमी राहतील.

चाचणीच्या वेळी आणखी तीन गोष्टी पाहा. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली आहे ना ते विचारा. ती हिंदी नोंदवली गेली तर काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतात आणि वाचून दाखवणारे यंत्रही मराठीचे उच्चार हिंदी धाटणीने करते. शीर्षकांमध्ये अक्षरांतले अंतर वाढवलेले नसावे, कारण रोमन लिपीला शोभणारी ती युक्ती देवनागरीची शिरोरेषा तोडते. आणि अक्षर व पार्श्वभूमी यांच्यातल्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, असा सुगम्यतेचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. वाचनालयात येणारे निम्मे वाचक साठीपुढचे असतील, तर फिकट करड्या अक्षरांचा मोह टाळलेलाच बरा.

प्रश्न : आमचे शेंगा चटणी, कडक भाकरी यांचे घरगुती दुकान नवी पेठेत आहे. गड्डा यात्रेच्या आधी ऑनलाइन विक्री सुरू करायची आहे. साइट तयार आहे, पण चाचणीला तीन आठवडे लागतील असे सांगतात. ती नंतर करता येणार नाही का? — एक दुकानदार ताई

उत्तर : ताई, वेळ कमी असेल तर माल कमी करा, चाचणी कमी करू नका. सात-आठ पदार्थ घेऊन सुरुवात केली तर पंधरा दिवसांत नीट तपासून होईल. कूपन, गुण आणि ग्राहकांचे अभिप्राय हे सगळे यात्रेनंतर येऊ शकते.

चाचणीत सर्वांत आधी पैशांचा मार्ग पाहायचा. पैसे भरले आणि ऑर्डर आली, हे तर कोणीही तपासतो. गिऱ्हाइकाने यूपीआयने पैसे दिले, त्याच क्षणी त्याचे नेटवर्क गेले आणि साइटवर परत येणारे पान उघडलेच नाही, तर काय होते? नीट बांधलेल्या साइटला पेमेंट कंपनीचा सर्व्हर, म्हणजे तिचा संगणक, स्वतंत्रपणे निरोप देतो आणि ऑर्डर नोंदली जाते. तशी बांधलेली नसेल तर पैसे कापले जातात, ऑर्डर दिसत नाही आणि गिऱ्हाईक तुम्हाला फोनवर लबाड म्हणते. पेमेंट कंपन्या चाचणीची वेगळी सोय देतात, तिथे हे मुद्दाम घडवून पाहायला सांगा. पैसे भरताना मधेच फोन बंद करा, मागे जा, दोनदा बटण दाबा. पुड्या भरणाऱ्या मावशींच्या साध्या फोनवरून, वायफाय बंद ठेवून, एक ऑर्डर शेवटपर्यंत द्यायला लावा आणि स्वतः गप्प उभ्या राहा. त्या कुठे थांबतात ते पाहिल्यावर आणखी काही विचारावे लागणार नाही.

पान उघडण्याचा वेग तिथेच कळेल. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी गूगलची शिफारस आहे, आणि फोनने काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवला तर ती पाळली जाणे कठीण. तेच चित्र दीडशे-दोनशे केबीत छान दिसते. खाद्यपदार्थ असल्याने अन्न सुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक, पुडीवरची किंमत आणि निव्वळ वजन साइटवरही द्या. ई-वाणिज्याच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे विक्रेत्याचे नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण करणाऱ्या व्यक्तीचा तपशील हवा; तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते.

प्रकाशन यात्रेच्या तोंडावर नको. निदान दहा दिवस आधी, आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी करा, म्हणजे काही अडले तर काम करणारा जागा असेल आणि तुमचीही दुकानात गर्दी नसेल. डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, नव्या सर्व्हरकडे वळवल्यावर सगळीकडे तो बदल पोहोचायला काही तास, क्वचित एक-दोन दिवस लागतात. तेवढ्या काळात कोणाला जुने पान दिसले तर घाबरू नका.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी आमच्या संस्थेची साइट एकाने करून दिली. तो आता पुण्याला गेला आहे आणि फोन उचलत नाही. डोमेन त्याच्याच नावावर आहे असे कळते. नवी साइट करायची तर आता काय करावे? — एका शिक्षण संस्थेचे विश्वस्त

उत्तर : शेवटचा टप्पा, म्हणजे हस्तांतर, झालाच नाही, त्याचे हे फळ. असे फार जणांचे होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साइट म्हणून आपण जे म्हणतो त्यात निदान चार वेगळ्या वस्तू असतात: डोमेन, होस्टिंग (साइट ठेवण्याची भाड्याची जागा), कोड आणि डेटा. संस्थेचे ईमेल त्याच डोमेनवर असतील तर ती पाचवी. डोमेन गेले तर तेही बंद पडतात, आणि परीक्षांचा किंवा प्रवेशांचा पत्रव्यवहार त्यांवर चालत असेल तर तो साइटपेक्षा मोठा प्रश्न आहे.

डोमेनची सार्वजनिक नोंद कोणालाही पाहता येते. तीत नोंदणी कोणत्या कंपनीकडे आहे आणि मुदत केव्हा संपते हे दिसते, मालकाचे नाव बहुधा झाकलेले असते. नोंद संस्थेच्या नावाने असून केवळ ईमेल त्या गृहस्थांचा असेल, तर संस्थेचे नोंदणीपत्र, पॅन आणि ठराव जोडून त्या कंपनीला लिहा. कागदपत्रे पाहून खाते मिळवून देण्याची रीत तिथे असते. नोंद त्यांच्या व्यक्तिगत नावावर असेल, तर त्यांची संमती लागेल. तेव्हा फोन सोडून पत्र लिहा, आणि ते रागाचे नसावे. चार वर्षे नूतनीकरणाचे पैसे बहुधा त्यांनीच भरले असतील. ते देण्याची तयारी त्याच पत्रात दाखवा आणि हस्तांतराचा संकेतांक, म्हणजे डोमेन दुसरीकडे नेण्यासाठी लागणारा परवलीचा शब्द, मागा. जुन्या ओळखीतला कोणी पुण्यात असेल तर त्याला मध्ये घाला. हे काहीच साधले नाही आणि डोमेन ‘.इन’ असेल, तर त्याची नोंदवही सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेची लवादाची पद्धत आहे. संस्थेच्या नावावरचा आपला हक्क आणि समोरच्याचा गैरहेतू तिथे सिद्ध करावा लागतो, म्हणून तो शेवटचा मार्ग समजा.

दरम्यान सध्याच्या साइटवरचा मजकूर, फोटो आणि निकालपत्रके उतरवून ठेवा. पान उघडते आहे तोवर ते जमेल. नव्या कामाच्या करारात डोमेन आणि होस्टिंगचे खाते संस्थेच्या ईमेलने, संस्थेच्या पैशांनी उघडले जाईल आणि काम करणाऱ्याला केवळ वापराची परवानगी दिली जाईल, असे कलम पहिल्या पानावर असू द्या. ज्या ईमेलने हे खाते उघडाल तो एका विश्वस्ताचा खासगी नसावा. कार्यालयाचा असावा आणि त्याचा पासवर्ड दोघांना ठाऊक असावा.

आपल्या पत्रात डोमेनची मुदत केव्हा संपते ते लिहिलेले नाही. हे उत्तर वाचून होताच ती तारीख पाहा. ती दोन महिन्यांच्या आत असेल, तर नव्या साइटची चर्चा थांबवून आधी नूतनीकरणाच्या मागे लागा. मुदत संपल्यावर ते परत घेण्यासाठी मोजकेच दिवस मिळतात आणि उशीर होईल तशी रक्कम वाढत जाते.